बेसमेंटमधील एक्झॉस्ट पंख्यांना वेगनियंत्रण बसवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव,
व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे.

मा. महोदय,

आपल्या दोन्ही बेसमेंटमधले एक्झॉस्ट पंखे एक तर पूर्ण वेगाने फिरतात, नाही तर बंद असतात. ते टायमरवर चालतात; वीज गेली की टायमरचे घड्याळ मागे पडते आणि ते पुन्हा कोणी लावत नाही. त्यामुळे पहाटे तीन वाजता, खाली एकही गाडी सुरू नसताना, पंखे घोंघावतात. आणि सकाळी आठ ते दहा, शाळा-ऑफिसच्या गाड्या रॅम्पवर रांगेत धूर सोडत उभ्या असतात तेव्हा ते बंद असतात.

नेमक्या त्याच वेळी गाड्या धुणारी मुले खाली काम करत असतात. वॉचमन तर खालच्या केबिनमध्ये बारा तास बसतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखले, मळमळले तर पित्त झाले असे समजून माणूस गप्प राहतो. ही मंडळी सभासद नाहीत, सर्वसाधारण सभेत त्यांना बोलता येत नाही. म्हणून हा मुद्दा आम्ही आवाजाच्या तक्रारीआधी मांडत आहोत.

तक्रार आवाजाचीही आहेच. पंख्यांची हवा बाहेर सोडणाऱ्या शाफ्टला लागून असलेल्या खोल्यांत रात्री खिडकीची जाळी थरथरते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. समितीने एकदा रात्री येऊन आवाज मोजून घ्यावा.

आमची मागणी अशी की, प्रत्येक पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवावा आणि त्याला कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर जोडावेत. सेन्सर छताला नकोत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवेत; एक वॉचमनच्या केबिनजवळ हवाच. हवा चांगली असेल तेव्हा पंखे संथ फिरतील, धूर वाढला की आपोआप वेग घेतील. खर्चाची शंका येणार हे आम्ही जाणतो. पण 50 ऐवजी 40 हर्ट्झवर पंखा चालवला तर हवा 80 टक्के मिळते आणि वीज साधारण निम्मीच लागते. वेग निम्मा केला तर आवाजही सुमारे 15 डेसिबलने उतरतो.

स्वस्तातला उपाय म्हणून व्होल्टेज कमी करण्याची सूचना मागे आली होती. ती कृपया स्वीकारू नये. थ्री-फेज मोटरवर भार असताना नुसते व्होल्टेज उतरवले तर ती जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळते. व्हीएफडीवरही मोटर फार संथ चालवू नये, कारण तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. किमान वेग मोटर उत्पादकाला विचारूनच ठरवावा.

एका बाबतीत तडजोड नको. हेच पंखे आगीच्या वेळी धूर बाहेर काढतात, आणि त्यासाठी तासाला 12 वेळा हवा बदलली जाणे अपेक्षित आहे. फायर अलार्म वाजताच व्हीएफडी बाजूला पडून पंखे थेट पूर्ण वेगाने सुरू झाले पाहिजेत. बदल करण्याआधी अग्निशमन यंत्रणेच्या परवानाधारक एजन्सीचे लेखी मत घ्यावे, आणि जानेवारी व जुलैच्या फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) तपासणीत ही चाचणी सभासदांसमोर करावी.

हे काम होईपर्यंत टायमर आजच दुरुस्त करून सकाळी आठ ते दहा पंखे चालू ठेवावेत, आणि वॉचमनची केबिन रॅम्पच्या वर हलवावी. यासाठी सभेच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. व्हीएफडीची अंदाजपत्रके मागवून विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा व आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
तळमजला व पहिल्या मजल्यावरील सभासद
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)