उमेदवाराच्या वेळेचे मोल

सत्यजित राय यांच्या १९७० सालच्या ‘प्रतिद्वंद्वी’ या चित्रपटात कोलकात्यातील मुलाखतीचा एक प्रसंग आहे. उकाडा असह्य, खुर्च्या मोजक्या आणि आपले नाव कधी पुकारले जाते याची वाट पाहत ताटकळलेले तरुण. त्यांतील एकाला भोवळ येते. बसण्याची सोय करावी, ही नायक सिद्धार्थची विनंती झिडकारली जाते. पुढे उमेदवार तिष्ठत असतानाच भोजनाची सुटी जाहीर होते, तेव्हा त्याचा संयम सुटतो व तो आत शिरून टेबल उलथवतो. या उद्रेकाचे समर्थन करता येणार नाही. त्याचे कारण मात्र समजून घ्यावयास हवे. त्या क्षणी सिद्धार्थला कोणी नाकारलेले नव्हते. त्याला असह्य झाली ती वागणूक.

त्याच शहरातील मृणाल सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’ (१९७१) मधील तरुणाची नोकरी विलायती सूट न मिळाल्याने हुकते. राय यांच्याच ‘जन अरण्य’मध्ये उमेदवाराला चंद्राचे वजन विचारले जाते. कामाशी संबंध नसलेल्या कसोट्यांवर तरुणांचे भवितव्य ठरावे, ही त्या काळाची वेदना होती.

आज परिस्थिती बरीच पालटली आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांतील लिपिकांची निवडही आता लेखी परीक्षेवरच होते. तथापि अधिकारी पदांसाठी व खाजगी क्षेत्रात मुलाखत कायम आहे आणि सर्वांना सकाळी दहालाच बोलावण्याची प्रथाही अनेक ठिकाणी टिकून आहे. निवड समितीला क्षणभरही रिकामे बसावे लागू नये, हा तिचा हेतू. म्हणजे एका बाजूचा वेळ मोजला जातो, दुसऱ्या बाजूचा नाही.

वास्तविक गावाहून आलेला उमेदवार एका मुलाखतीसाठी प्रवासखर्च, मुक्काम आणि दिवसाची मजुरी किंवा रजा खर्ची घालतो. प्रत्येक मुलाखत किती चालेल हे आधी सांगता येत नाही, हे मान्य. परंतु चार-पाच जणांच्या तुकड्या तासातासाने बोलावणे अवघड नाही. विलंब झाल्यास तो सांगावा, बसण्याची व पिण्याच्या पाण्याची सोय असावी, उमेदवाराचा अर्ज आधी वाचलेला असावा आणि निकाल, नकार असला तरी, ठरलेल्या तारखेस कळवावा. दहा मिनिटे उशिरा आलेला उमेदवार बेशिस्त ठरत असेल, तर चार तास उशिरा सुरू होणाऱ्या मुलाखतीलाही तोच नियम लागू व्हावा.

बँकेच्या शाखेत ग्राहकाला टोकन मिळते, बसायला जागा मिळते. मुलाखतीला आलेला तरुणही कोणत्या ना कोणत्या शाखेचा खातेदार असतोच. नोकरी एकालाच देता येते. सौजन्य मात्र आलेल्या प्रत्येकाला देता येते.