विश्लेषण : आयुध निर्माणीची नोकरी, धोका तोच, मग हमी कुठे गेली?

भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी सकाळी भीषण स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले आणि 8 कामगारांचा जीव गेला. तरीही येथे भरती निघाली की आयटीआय झालेले तरुण अर्ज करतातच. या नोकरीत नेमके काय मिळते आणि काय पणाला लागते?

कारखाना कोणाचा?
येथे तोफगोळ्यांसाठी लागणारे प्रणोदक आणि स्फोटके तयार होतात. केंद्र सरकारने 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त केले आणि 41 कारखाने 7 सरकारी कंपन्यांमध्ये विभागले. भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

फायदे काय?
जुन्या कायम कामगारांना वेतन आयोगानुसार पगार, वसाहतीत क्वार्टर आणि कारखान्याचा दवाखाना मिळतो. कंपनी झाल्यानंतरही त्यांना प्रतिनियुक्तीवर दाखवून केंद्रीय कर्मचाऱ्याचा दर्जा कायम ठेवण्यात आला. शेतीवर भिस्त असलेल्या जिल्ह्यात या नोकरीने अनेक घरे उभी राहिली.

मग अडचण कुठे?
नव्या मुलांसाठी गणित बदलले आहे. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ या पदावर आता ठरावीक मुदतीच्या करारावर भरती होते. सुरुवातीला 1 वर्ष आणि पुढे मुदतवाढ मिळाली तरी कमाल 4 वर्षे. म्हणजे स्फोटके हाताळण्याचा धोका जुन्या कामगाराइतकाच, पण निवृत्तीपर्यंतची हमी नाही. शिवाय स्फोटकांच्या कामाचा अनुभव बाहेर मोजक्याच कारखान्यांत उपयोगी पडतो.

खासगी कंपनी बरी का?
शेजारच्या नागपूर जिल्ह्यात स्फोटकांचे खासगी कारखाने आहेत. तेथेही धोका टळत नाही. बाजारगाव येथील सोलर कंपनीच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी झालेल्या स्फोटात 9 कामगार दगावले होते.

सही करण्यापूर्वी काय विचाराल?
• करार किती वर्षांचा आणि मुदतवाढ कशाच्या आधारे?
• अपघात झाल्यास भरपाई किती, कोणाकडून?
• मृत्यू झाल्यास वारसाला नोकरी मिळेल का?
• सुरक्षा प्रशिक्षण किती दिवसांचे?

पूर्वी जिवाच्या जोखमीच्या बदल्यात आयुष्यभराची हमी मिळत होती. आता जोखीम उरली आहे, हमी मात्र 4 वर्षांवर आली आहे. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे तोंडी नव्हे, लेखी घ्यावीत.