अस्मानीचा बुरखा

‘दुर्मीळ’ हा शब्द सत्तेवर असलेल्या कुणाच्याही तोंडी आला की मी सावध होते. पुढची वाक्यं ठरलेली असतात. असं कधी घडत नाही, म्हणून तयारी नव्हती, म्हणून दोष कुणाचाच नाही. आपल्याकडे पुराच्या वेळी, उष्म्याच्या लाटेच्या वेळी हा शब्द आपण पुष्कळ ऐकला आहे. पण त्याचा सगळ्यात निखळ नमुना मला सापडला तो अमेरिकेतल्या अटलांटा शहरात. निखळ अशासाठी म्हणते, की तिथे संकट म्हणावं असं आभाळातून फारसं काही पडलंच नव्हतं. अडीच इंच बर्फ पडला आणि एक महानगर रात्रभर जागच्या जागी गोठलं.

28 जानेवारी 2014, मंगळवार. अटलांटा हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं सौम्य हवेचं शहर. हिवाळ्यात थंडी पडते, पण बर्फ एखाददुसरा दिवस, कधी तेवढाही नाही. त्या दिवशी विमानतळावर 2.6 इंच, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. दुपारी बर्फ पडताना दिसला तशा शाळा, कचेऱ्या आणि सरकारी कार्यालयं जवळजवळ एकाच वेळी सुटली. लाखो माणसं एकाच तासात रस्त्यावर आली. चाकांखाली बर्फ दाबला गेला, थोडा वितळला आणि शून्याखालच्या थंडीत पुन्हा गोठून काचेसारखा झाला. शहराभोवतीच्या आय-285 या वर्तुळाकार महामार्गावर मोठे ट्रक चढावर घसरून आडवे झाले. मीठ आणि वाळू पसरणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या. हजाराहून अधिक अपघात झाले. अर्ध्या तासाच्या वाटेला काहींना बारा तास लागले, काहींनी अख्खी रात्र गाडीत काढली, तर काहींनी गाडी तिथेच सोडून चालायला सुरुवात केली. दोन हजारांहून अधिक मुलं घरी पोचलीच नाहीत. ती शाळांत किंवा शाळेच्या बसमध्ये रात्रभर राहिली. आय-285 वर अडकलेल्या एका गाडीत एक मूल जन्मलं, तेही मदतीला धावलेल्या पोलिसाच्या हातात.

यावर उरलेली अमेरिका हसली. जिथे दोन फूट बर्फातही दुकानं उघडतात, तिथल्या लोकांना हे हास्यास्पद वाटलं. अडीच इंचात एवढा गोंधळ? आपली मराठी मंडळीही मागे नव्हती. बॉस्टन-शिकागोत स्थायिक झालेल्या माझ्या नातलगांनी अटलांटाच्या नातलगांना मनसोक्त चिडवलं. त्यावर अटलांटाकरांचं उत्तरही तयार होतं. आमच्याकडे बर्फ दुर्मीळ, यंत्रं थोडी, गाड्यांना हिवाळी टायर नाहीत, आम्हाला बर्फावर चालवायची सवय नाही.

हसणारे आणि चिडणारे दोघेही एकाच गृहीतावर उभे होते. शहर बर्फाने थांबवलं, हे दोघांनाही मान्य होतं. मला ते मान्य नाही.

मराठीत संकटांचे दोन वर्ग जुने आहेत, अस्मानी आणि सुलतानी. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले. दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी ही अस्मानी. जुलमी वसुली, लूट, राजाची बेफिकिरी ही सुलतानी. शेतकऱ्याला हा भेद पाठ होता, कारण दोन्ही संकटं हातात हात घालून त्याच्या दारात यायची आणि कुणाकडे दाद मागायची हे त्या भेदावर ठरायचं. आभाळाकडे दाद मागता येत नाही, सुलतानाकडे निदान मागून पाहता येते. आजचा सुलतान म्हणूनच प्रत्येक सुलतानी संकटाला अस्मानीचा बुरखा घालतो. त्या बुरख्याचं कापड म्हणजे ‘दुर्मीळ’ हा शब्द.

अटलांटाचा बुरखा उचलून पाहू. राष्ट्रीय हवामान सेवेने सोमवारीच सावध केलं होतं आणि मंगळवारी पहाटे चार वाजायच्या आत अटलांटा परिसरासाठी हिमवादळाचा इशारा दिला होता. बर्फ पडू लागला तो दुपारच्या सुमारास. मध्ये सुमारे आठ तास होते. त्या आठ तासांत मुलं शाळेत गेली, माणसं कामावर गेली. शहराचे महापौर आणि राज्याचे गव्हर्नर दुपारी एका मासिकाच्या सत्काराच्या भोजनाला गेले. सत्कार महापौरांचाच होता. गव्हर्नर नेथन डील यांनी आधी वादळाला अनपेक्षित ठरवलं. हवामानशास्त्रज्ञ संतापले. जॉर्जिया विद्यापीठाचे मार्शल शेफर्ड यांनी अंदाजात खोट नव्हती हे जाहीरपणे मांडलं. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी माफी मागितली. लक्षात घ्या, द वेदर चॅनल या हवामान वाहिनीचं मुख्यालय याच शहरात आहे. जगातला सर्वाधिक वर्दळीचा विमानतळही इथलाच. आभाळ वाचणारी माणसं कमी पडली, असं तिथे कुणी म्हणू शकत नाही.

आणि ‘दुर्मीळ’ तरी किती? 12 जानेवारी 1982 रोजी याच शहरात, तोही मंगळवारच, दुपारी बर्फ आला, सगळे एकदम घरी निघाले आणि रस्ते तसेच तुंबले. त्या दिवसाला तिथे ‘स्नो जॅम’ असं नावच पडलं. 1993 च्या मार्चमध्ये मोठं हिमवादळ आलं. 2011 च्या जानेवारीत शहर जवळजवळ आठवडाभर बर्फाखाली होतं. म्हणजे 2014 च्या मागचा प्रसंग फक्त तीन वर्षं जुना होता. ज्या गोष्टीला शहराने स्वतः नाव ठेवलं आहे, ती गोष्ट अनोळखी कशी?

आता प्रतिपक्षाचं ऐकू. दहा वर्षांतून एकदा पडणाऱ्या बर्फासाठी कोट्यवधींची यंत्रं घेऊन ठेवायची का? नको. माझं ते म्हणणंच नाही. शहराने आपल्या नेहमीच्या हवेप्रमाणे खर्च करावा, यात शहाणपण आहे. पण त्या दिवशी उणीव यंत्रांची होती, हेच मुळात खरं नाही. याचा पुरावा शहरानेच दोन आठवड्यांत दिला. फेब्रुवारीत दुसरं वादळ आलं, या वेळी गोठणाऱ्या पावसाचं. 10 तारखेला, वादळ पोचायच्या आधीच, गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, कचेऱ्या बंद, लोक घरी. झाडं पडली, तारा तुटल्या, राज्यात लाखो ग्राहकांची वीज गेली. पण महामार्ग ओस पडले होते आणि कुठलंही मूल बसमध्ये अडकलं नाही. शहर तेच, ड्रायव्हर तेच, टायर तेच. पंधरा दिवसांत हिमप्रदेशातलं कौशल्य कुणाच्या अंगी येत नाही. बदलली होती फक्त निर्णयाची वेळ.

मग जानेवारीत तो निर्णय का झाला नाही? कारण निर्णय घेऊन बर्फ पडलाच नसता, तर हसं झालं असतं. ‘कदाचित’च्या भरवशावर शहर बंद करत बसलो तर कारभार चालायचा कसा, असा गव्हर्नरांचा पहिला सूर होता. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अकारण सुट्टी दिली तर नुकसान मालकांचं, व्यापाराचं आणि सत्ताधाऱ्यांच्या अब्रूचं. सुट्टी न देता बर्फ पडला तर नुकसान रस्त्यावरच्या माणसाचं. दोन्ही पारड्यांत ‘कदाचित’च होतं. कुणाचं ‘कदाचित’ जड भरायचं, हे ठरवणं म्हणजे राज्य करणं. तासावर मजुरी मिळवणाऱ्या बाईने इशारा ऐकून आपल्या मनाने घरी राहायचं ठरवलं असतं, तर तिची त्या दिवसाची मजुरी गेली असती. म्हणून तर वरून आदेश यावा लागतो. तो आला नाही.

माझ्या मावसबहिणीची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती रात्र तिने शाळेच्या जिममध्ये, चटईवर काढली. शिक्षिका स्वतःची मुलं घरी ठेवून तिथे थांबल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या बायकांनी मिळेल ते रांधून वाढलं. मुलीला ती रात्र सहलीसारखी आठवते. माझी बहीण त्या रात्री तीन मैल बर्फातून चालली, तिला ती सहलीसारखी आठवत नाही. अशा शेकडो कहाण्या नंतर सांगितल्या गेल्या. होम डेपोने आपली दुकानं अडकलेल्यांसाठी रात्रभर उघडी ठेवली, अनोळखी लोकांनी गाड्यांपाशी जाऊन पाणी आणि खाणं दिलं, फेसबुकवर हजारो लोक एकमेकांना आसरा शोधून देत होते. या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. राग येतो तो या कहाण्यांच्या पुढच्या वापराचा. माणुसकीचं कौतुक सुरू झालं की हिशेब मागणारा कद्रू ठरतो.

हे आपल्याला शिकवायला नको. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तो पाऊस खरोखर अफाट होता, ते मी नाकारत नाही. पण शहराची पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था अपुरी आहे हे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 पासून महापालिकेकडे होता. बारा वर्षं ते कागद कोरडे राहिले. नंतर आपल्या वाट्याला आलं ते ‘मुंबई स्पिरिट’. गुडघाभर, कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसाला शाबासकी मिळाली आणि त्याला चालायला लावणाऱ्यांची सुटका झाली.

हवा बदलते आहे, तसतसा ‘दुर्मीळ’चा पुरवठा वाढणार आहे. जे शंभर वर्षांतून एकदा व्हायचं ते अधिक वेळा होईल आणि दर वेळी ते पहिल्यांदाच होतंय असं सांगितलं जाईल. म्हणून माझा आग्रह साधा आहे. पुढच्या वेळी हा शब्द ऐकू आला, मग तो बर्फाबद्दल असो, पावसाबद्दल असो की उन्हाबद्दल, तर किती इंच आणि किती अंश हे विचारत बसू नका. इशारा किती वाजता आला आणि पहिला आदेश किती वाजता निघाला, एवढंच विचारा. त्या दोन वेळांमध्ये जेवढे तास असतील, तेवढं संकट सुलतानी. त्याची दाद आभाळाकडे मागायची नसते.