अकरा टक्के शुल्क ही मेहरबानी नाही

कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क म्हणजे गिरण्यांच्या खर्चाने शेतकऱ्याचे पुरवलेले लाड, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने हे शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. मुळात जगाच्या बाजारात दिसणारा कापसाचा भाव निखळ उत्पादनखर्चातून ठरलेलाच नसतो. अमेरिकेच्या अनुदानांमुळे जागतिक भाव दबला, हे ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेनेच मान्य केले. 2014 मध्ये ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तो वाद मिटवला आणि त्याच वर्षीच्या शेती कायद्यात कापसासाठी असा विमा आणला, ज्याच्या हप्त्याचा 80 टक्के भार सरकार उचलते. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, सेलू, देवळीच्या कोरडवाहू कास्तकाराची गाठ मग तिकडच्या शेतकऱ्याशी पडत नाही, तिकडच्या तिजोरीशी पडते. शुल्काने त्यातला थोडा फरक भरून निघतो, एवढेच. आणि हीच अमेरिका 2018 मध्ये 1986-88 च्या किमतींचा आधार घेऊन आपल्या कापसाच्या हमीभावावर आक्षेप घेते!

हमीभाव आहे ना, मग आयातीची भीती कशाला, असे विचारले जाते. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये जाहीर झाले खरे. पण हमीभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 12 टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेत नाही, आणि पहिल्या वेचाचा कापूस ओलाच असतो. वेचणीची मजुरी आणि रब्बीचे बियाणे थांबत नाही, म्हणून तो माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तिथला भाव आयातीकडे पाहूनच ठरतो. 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादल्याने गिरण्या अडचणीत आल्या, ही तक्रार खरी आहे. तिला उत्तर द्यायचे तर सरकारने आपल्या खजिन्यातून द्यावे. खुल्या व्यापाराचा आग्रह शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आयुष्यभर धरला आणि तो आदरानेच ऐकला पाहिजे. पण आपल्याकडे दार एकाच बाजूने उघडते. 5 मार्च 2012 रोजी केंद्राने कापसाची निर्यात बंद केली तेव्हा खुला बाजार कुणाला आठवला नाही. निर्यात कधीच न अडवण्याची हमी देणाऱ्याने खुशाल शुल्क काढावे. तोवर निदान वेचणीच्या, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या काळात कापसाला शुल्कमाफी देऊ नये, आणि ही मागणी वर्धा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत लावून धरावी.