नवतप्यातला मोती

धरमपेठेतल्या आमच्या घरी मोती आला, तेव्हा पाहायला आलेल्या बहुतेकांनी एकच विचारले, 'केवढ्याला पडला?' त्याचा स्वभाव कसा, हे कोणी विचारले नाही. मोती पेकिनीज. पाच किलोचा, चपट्या नाकाचा, मानेभोवती आयाळ. नागपुरात ही जात क्वचितच दिसते.

याचे पूर्वज चीनच्या राजवाड्यातले. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा पाच कुत्री इंग्लंडला गेली. त्यांतली एक व्हिक्टोरिया राणीला मिळाली. तिचे नाव ठेवले 'लूटी'! शब्दही आपल्याकडूनच उचललेला. तो राजेशाही ताठा मोतीत अजून आहे. चेंडू फेकला तर आणणार नाही, हाक मारली तर विचार करून येईल. पण आई जप करीत बसली की दोन-दोन तास तिच्या पायाशी. म्हाताऱ्या माणसाला याहून चांगली सोबत मी पाहिलेली नाही.

आणि तरीही नागपुरात हे कुत्रे आणू नये, असे माझे मत झाले आहे. गेल्या नवतप्यात संध्याकाळी सहाला, ऊन उतरले असे समजून, मी त्याला फिरायला नेले. कोपऱ्यावरच तो बसला. जीभ निळसर, धाप थांबेना. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही पुरते जमत नाही. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या. माणसासाठी ठीक, पण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांना कसेबसे थांबवले, मोतीला पाण्याने भिजवले आणि डॉक्टर गाठले. वाचला. चूक सर्वस्वी माझी होती.

२०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलर आहे ना, असे लोक म्हणतात. पण मृगाचा पाऊस पडला की कूलर नुसता ओलावा फेकतो, आणि दमट हवेत धापेचाही उपयोग होत नाही. मग एसी, वीज गेली की ओले फडके आणि जागरण. शिवाय नाकावरची घडी रोज पुसून कोरडी करा, बाहेर आलेले डोळे जपा, पट्टा गळ्याला नव्हे, छातीला बांधा.

२००३ च्या मोबाइलच्या जाहिरातीने पग घरोघरी नेले. तोही चपट्या नाकाचाच.

परवा गल्लीतल्या मुलाने विचारले, 'काका, असा अजून एक कुठे मिळेल?' मी पत्ता सांगितला नाही.