पुलाखालचा जीवही मोजा

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर उलटला. सांडलेले ज्वालाग्राही द्रव पेटले आणि ती आग कठड्यावरून खालच्या रस्त्यावर कोसळली. चौघांचे प्राण गेले. त्यांत पुलाखालून दुचाकीवर निघालेलेही होते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ती माणसे आपल्या रोजच्या रस्त्याने चालली होती.

मुंबईहून पेट्रोल-डिझेल पाइपलाइनने लोणी काळभोरच्या डेपोत येते, तेवढा या मार्गावरच्या घाटाचा भार हलका होतो. रसायनांचे टँकर मात्र घाटातूनच जातात. टाकीतला माल स्थिर बसत नाही. वळणावर तो एका अंगाला धावतो, ब्रेक दाबला की पुढे आदळतो. टाकी अर्धी भरलेली असेल तर लाट अधिकच मोठी. त्यात डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली, की सगळे वजन ब्रेकवर येते, लायनर तापतात आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. चालकाला हे ठाऊक असते. पण वाचवलेल्या डिझेलवर त्याची कमाई ठरत असेल, तर दोष एकट्या त्याच्या माथी मारता येणार नाही. मालकालाही जाब विचारला पाहिजे.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला वेगळे प्रशिक्षण सक्तीचे आहे. टाकीवर मालाचा क्रमांक लिहावा लागतो: पेट्रोलचा १२०३, मिथेनॉलचा १२३०. हा क्रमांक घाटातल्या गावकऱ्यांनाही वाचता आला पाहिजे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पेटलेल्या पेट्रोलवर पाण्याचा मारा केला तर आग पसरते. तिथे फोमच लागतो. मदतीला सर्वांत आधी धावणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवे.

मुंबईकडे जाणारा टँकर घाट उतरण्याआधी उर्से टोलनाक्यावरून जातो. तिथेच त्याचे ब्रेक आणि चालकाचे प्रशिक्षणपत्र तपासावे. घाटमाथ्यावर फोमचा बंब चोवीस तास उभा ठेवावा. ज्या पुलांखालून रस्ता जातो किंवा ज्यांच्याखाली वस्ती आहे, तिथे सांडलेले द्रव खाली न पडता बाजूला वाहून जाईल असे उंच, सलग कठडे आणि बंदिस्त गटारे रस्ते विकास महामंडळाने बांधावीत. पुलावरच्या प्रवाशाकडून टोल घेतला जातो. त्यातूनच पुलाखालच्या माणसाचे रक्षण झाले पाहिजे. कुणे गावच्या लोकांचा तेवढा हक्क आहे.