किल्ली एक, हात सहा

परवा लातूरहून आतेभावाच्या मुलाचा फोन आला. यंदाच बीसीए झालाय आणि औसा रोडच्या एका खासगी शिक्षणसंस्थेत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलाय. आवाज नुसता फुलून आलेला. "काका, पहिल्याच दिवशी मला सर्व्हरचा रूट पासवर्ड दिला!" मी विचारलं, दिला म्हणजे कसा? तर हेडक्लार्कच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलेला होता, मोबाइलवर फोटो काढून घे म्हणाले. आणखी कुणाकुणाकडं आहे? "सगळ्यांकडंच आहे की!"

मी म्हटलं, बाळा, तो फोटो आधी डिलीट कर आणि लेखी कळव की हा पासवर्ड मला नको.

झालं! दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "चांगलं मिळायलंय लेकराला, तर तू नको घे म्हणायलास? तुझं काय जातंय?" आत्यानं तर माझ्याशी बोलणंच टाकलंय. तेव्हा म्हटलं, प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहावं. संगणकवाल्या मंडळींना यातलं बरंचसं माहीत असणार, त्यांनी तेवढं चालवून घ्या.

आधी रूट म्हणजे काय ते. लिनक्सच्या मशीनवर प्रत्येकाचं आपापलं खातं असतं, वाड्यातल्या आपापल्या खोलीसारखं. रूट हा त्या वाड्याचा मालक. त्याला कुठलंही दार उघडता येतं, कुठलीही भिंत पाडता येते. आणि कोण आलं, कोण गेलं याची जी वही मशीन स्वतःच लिहीत असतं (आम्ही तिला लॉग म्हणतो) ती वहीसुद्धा त्याला फाडून टाकता येते. आता गंमत अशी, की मशीन माणूस ओळखत नाही, नाव ओळखतं. सहा जणांनी एकच पासवर्ड वापरला तर वहीत सहाही वेळा 'रूट' एवढंच लिहिलं जातं. मग काही बिघडलं की प्रश्न येतो, यातला कोणता रूट?

सर्व्हरची सुरक्षा म्हटलं की लोकांना बाहेरचा चोर आठवतो. मग फायरवॉल घ्या, अमुक बसवा, तमुक बसवा. ते सगळं लागतंच, नाही म्हणत नाही. पण आपल्या नांदेड-लातूरकडच्या छोट्या संस्था मी जेवढ्या पाहिल्या, त्यावरून माझं मत असं झालंय की सुरक्षेचं पहिलं काम चोर अडवणं हे नाहीच. जो निर्दोष आहे त्याला आपण निर्दोष आहोत हे दाखवता आलं पाहिजे, हे पहिलं काम. चोर आज ना उद्या येतोच. त्यानंतर आळ कुणावर जातो ते बघा.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. 2006 साली मी नांदेडच्या एका कॉलेजात होतो (कुठल्या ते विचारू नका). तिथला सर्व्हर मीच बसवला होता. टेबलाखाली ठेवलेलं एक टॉवर मशीन, त्यावर सेंटॉस 4, लॅबमधल्या मुलांच्या इंटरनेटसाठी स्क्विड, आणि कॉलेजची वेबसाइट. लिनक्स घेण्याचं कारण प्राचार्यांच्या भाषेत एकच, 'फुकट आहे'. मशीनला पैसे मंजूर झाले, यूपीएसला झाले, पण ते रोज बघणाऱ्या माणसासाठी कुठल्याच हेडखाली तरतूद नव्हती. म्हणून मी आणि सोबत एक मुलगा. तो मुखेड तालुक्यातला, रोजंदारीवर. हुशार होता. संध्याकाळी लॅब बंद झाल्यावरही बसून राहायचा, मॅन्युअल वाचायचा, मला न येणाऱ्या गोष्टी मला विचारायचा :)

मी तेव्हा शनिवारी लातूरला घरी यायचो. लोहा-अहमदपूर मार्गे एसटीचा तो प्रवास ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. घरी नुकतंच बीएसएनएलचं ब्रॉडबँड घेतलं होतं. रविवारी काही अडलं तर नांदेडला पळावं लागू नये म्हणून मी काय केलं, तर सर्व्हरचं 22 नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं केलं. या पोर्टावर एसएसएच चालतं, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची वाट. ही वाट मुळात भक्कम आहे. फिनलंडच्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर 1995 मध्ये तातू युलोनेन या संशोधकानं ती तयार केली. वाटेत कुणी कान लावला तर त्याला काही कळत नाही. पण पासवर्डच जर कुणी ओळखला तर ती बिचारी काय करणार? आमचा पासवर्ड होता कॉलेजच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढं 123. तो सहा जणांना ठाऊक होता, आणि रूटला थेट आत यायची मुभा होती.

त्या काळात जगभरातली बाधित मशीनं रात्रंदिवस हेच करत असायची (आजही करतात). दिसेल त्या 22 नंबरच्या दारावर रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं आणि हजारो पासवर्ड आपटून बघायचे. आमच्या लॉगमध्ये रोज रात्री अशा शेकडो ओळी दिसायच्या. मी त्या पाहिल्या होत्या. कुत्री भुंकतायत, भुंकू देत, असं म्हणून सोडून दिल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांच्या मशीनवर हल्ले होतायत, शिवाय परदेशातल्या एका बँकेचं बनावट पान तुमच्याकडं ठेवलेलं आहे. पोलीस केस होईल म्हणून सगळे घाबरले. तीन जणांची समिती बसली. लॉग काढला. सेंटॉसच्या नेहमीच्या सेटिंगप्रमाणं लॉगच्या फायली दर आठवड्याला बदलतात आणि जुन्या चारच शिल्लक राहतात, म्हणजे साधारण महिनाभराचाच हिशेब. त्यातही पाहुण्यानं जाता जाता बरंच पुसलेलं. जे उरलं होतं त्यात रूट, रूट, रूट.

आणि तारखा? तारखा जानेवारीच्या! मदरबोर्डवरचा छोटा सेल मेला होता. भारनियमन तेव्हा दिवसातून कितीतरी तास असायचं. यूपीएस दमला की मशीन बंद, आणि पुन्हा चालू झालं की घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षीच्या 1 जानेवारीवर. कुणाच्या लक्षात आलं तर हातानं तारीख दुरुस्त करायची, नाही तर तसंच चालू. समितीतले एक सर म्हणाले, "या तारखेला तर आपण मशीन घेतलंसुद्धा नव्हतं!" सगळे हसले. त्या हसण्यानंतर लॉगकडं परत कुणी पाहिलं नाही.

मग पुरावा काय, तर 'तो पोरगा रात्री आठ-आठ वाजेपर्यंत लॅबमध्ये बसलेला असतो'. रूट सहा जणांकडं होता. त्यातले पाच कायम नोकरीतले किंवा त्या वाटेवरचे, एक रोजंदारीवरचा. एक तारखेपासून येऊ नकोस असं त्याला सांगण्यात आलं.

मी समितीपुढं बोललो होतो. "बाहेरूनही कुणी आलं असू शकतं" असं म्हणालो. हे अर्धं खरं होतं. दार मी उघडलं होतं, आणि ते माझी एसटी वाचावी म्हणून उघडलं होतं, हे उरलेलं अर्धं घशातून बाहेर आलं नाही. माझा प्रोबेशनचा काळ चालू होता. कारण म्हणून सांगत नाही, होता एवढंच.

2017 मध्ये नांदेडला एका लग्नात तो भेटला. पुण्यात होस्टिंग कंपनीत चांगल्या जागेवर आहे. त्यानंच ओळख दिली, पंगतीत माझ्या शेजारी बसला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग अगदी सहज म्हणाला, "सर, ते पोर्ट तुम्ही उघडलं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. लातूरहून तुम्ही आत यायचा तेव्हा मला दिसायचं ना." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "मी कशावरून सांगणार होतो? वहीत तर सगळे रूटच होते. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला असता?" पुढं त्यानं वाढप्याला हाक मारून मला जिलबी वाढायला लावली. ती मी कशी खाल्ली ते माझं मलाच माहीत.

असो.

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना अण्णा आठवत असतील. लातूरच्या मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात मुनीम होते. शेठजींनी त्यांच्यावर दुकान सोपवलेलं, तरी अण्णा तिजोरी उघडायच्या आधी वहीत वेळ लिहायचे, कशासाठी उघडली ते लिहायचे आणि खाली सही करायचे. शेठजी एकदा म्हणाले म्हणे, "अण्णा, तुमच्यावर का अविश्वास आहे?" त्यावर अण्णा म्हणाले, "शेठ, ही वही तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे." अण्णांनी संगणक कधी पाहिला नाही. पण लिनक्समधलं सुडो त्यांना दोन मिनिटांत समजलं असतं. प्रत्येकानं आपल्याच नावानं आत यायचं, मालकाचं काम करायचं असेल तेव्हा तेवढ्या एका कामापुरता अधिकार मागून घ्यायचा, आणि कुणी, किती वाजता, कोणती आज्ञा दिली याची नोंद आपोआप होते. ही सोय 1980 च्या सुमाराची आहे, लिनक्सच्याही आधीची. म्हणजे साधन नाही असं म्हणायला जागाच नाही. (सुडो वापरून एकदाच पूर्ण रूट होऊन दिवसभर बसणारेही आहेत. ते म्हणजे सकाळी एकदा सही करून तिजोरी उघडी टाकण्यासारखं झालं. पुढचं कुणाच्या नावावर लिहायचं?)

भाच्याला... म्हणजे पुतण्याला, मी एवढंच सांगितलं. स्वतःच्या नावाचं खातं मागून घे. पासवर्डऐवजी स्वतःची की तयार कर. रूटचा थेट प्रवेश बंद कर. ओपनएसएसएचनं स्वतःच ऑगस्ट 2015 च्या 7.0 आवृत्तीपासून रूटला नुसत्या पासवर्डवर आत घेणं मुळातून बंद केलंय, पण अडचण होते म्हणून लोक सेटिंग शोधून पुन्हा चालू करतात! आणि लॉगची एक प्रत लगोलग दुसऱ्या मशीनवर जाऊ दे. जुना डेस्कटॉप चालेल, पण त्याची किल्ली दुसऱ्या माणसाकडं पाहिजे. मुनिमाची वही तिजोरीतच ठेवली तर तिजोरीबरोबर वहीही जाणार.

घड्याळाचंही सांगितलं. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इननं जे निर्देश काढले त्यात लॉग 180 दिवस जपायला सांगितलंय, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय, आणि मशीनचं घड्याळ सरकारी वेळेशी जुळवून ठेवायलाही सांगितलंय. पुष्कळांनी या निर्देशांवर टीका केली, कटकट वाढवली म्हणून. सहा तासांची मुदत मलाही जाचक वाटते. घड्याळाचं कलम वाचताना मात्र मला आमच्या मशीनमधला तो पाच-पंचवीस रुपयांचा सेल दिसत होता.

जानेवारी 2021 मध्ये नांदेडच्याच एका नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींहून जास्त रुपये ऑनलाइन वळते केले गेले, तेव्हा गावात सगळीकडं हॅकर, हॅकर चाललं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो त्या बँकेतला कुणी कनिष्ठ कर्मचारी, ज्याला आत बोलावून "त्या दिवशी तू कुठं होतास?" असं विचारलं जात असेल. त्याच्याकडं दाखवायला काही असेल का?

पुतण्यानं अर्ज दिला. उत्तर अपेक्षेप्रमाणंच आलं. "आपल्याकडं सगळे घरच्यासारखे आहेत. विश्वास नाही का?" मी त्याला 2024 ची एक्सझेडची गोष्ट सांगायला लावली. बहुतेक लिनक्समध्ये असणारं ते छोटं सॉफ्टवेअर एकच थकलेला माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. एका टोपणनावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत केली, विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदार बसवलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं, मार्च 2024 मध्ये, कारण एसएसएचनं आत जायला त्याला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्यानं ते 'असू दे' म्हणून सोडलं नाही. मी शेकडो ओळी असू दे म्हणून सोडल्या होत्या. गोष्टीचा संस्थेवर किती परिणाम झाला कुणास ठाऊक, पण आठवडाभरानं सही झाली.

काल पुन्हा फोन होता. त्याचं वेगळं खातं झालंय, बाकीच्यांचीही होतायत. रूटचा नवा पासवर्ड पाकिटात बंद करून, वर दोघांच्या सह्या घेऊन प्राचार्यांच्या कपाटात ठेवलाय. डायरीतलं ते पान फाडायला मात्र हेडक्लार्क काही केल्या तयार नाहीत. पाठीमागं गॅसवाल्याचा नंबर आहे म्हणे.